कुणी सांगितलं, आणि त्याला कसं कळलं?

औशाच्या महाविद्यालयात इतिहास शिकवायला रुजू झाले तेव्हा मुलांनी मला विचारलेला पहिला प्रश्न इतिहासातला नव्हता. "मॅडम, गाव कोणतं तुमचं?" मी नांदेड सांगितलं. "नांदेडच, का नांदेडकडचं?" मग आडनाव. ते फळ्यावर लिहिलेलंच होतं, पण त्यावरून त्यांना काही ठरवता येईना. "ह्या आडनावाचे आमच्याकडं दोन्हीकडं हैत," असं एक मुलगी शेजारणीला म्हणाली आणि वर्ग माझ्याकडे बघत बसला. दोन्हीकडं म्हणजे कुणाकुणात, हे तिथे कुणालाच विचारावं लागलं नाही. मलाही नाही.

मी उत्तर दिलं नाही. काय करावं तेच कळत नव्हतं. सांगितलं तर अर्ध्या वर्गाला मी आपली वाटेन आणि अर्ध्याला परकी. नाही सांगितलं तर सगळेच अंदाज बांधत राहणार. शाळेत शिकवायचं तर डी.एड., बी.एड. करावं लागतं. महाविद्यालयात शिकवायला मात्र आपल्याकडे शिकवण्याचं शिक्षण लागत नाही. एम.ए. केलं, सेट पास झाले. सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही प्रश्न असतात, चार पर्यायांतला एक निवडायचा. तेवढ्या शिदोरीवर तासिका तत्त्वाची ऑर्डर हातात आली. वर्गातल्या पन्नास डोळ्यांनी "तुम्ही कोणच्या?" असं विचारलं तर काय म्हणायचं, याला पर्याय दिलेले नव्हते.

लातूर इथून वीस किलोमीटर. दहावीला चांगले गुण पडले आणि घरची ऐपत असली की पोरगं लातूरला जातं. लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून तो वाढला आणि आता खासगी क्लासच्या रस्त्यारस्त्याने पसरला आहे. सराव, चाचणी, पुन्हा सराव. त्यातून हजारो पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे मी मनापासून मानते. माझ्या वर्गात बसतात ती मात्र लातूरला जाऊ न शकलेली मुलं. पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर पळून आलेले, किल्लारीकडून एसटीने उभं राहून येणाऱ्या मुली, आणि सोयाबीनची रास सुरू झाली की आठ-आठ दिवस न दिसणारे. पॅटर्नमध्ये ती नव्हती, पण पॅटर्न त्यांच्यात आहे. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आधीच कुठेतरी छापलेलं आहे अशी गोष्ट, ही समजूत पक्की. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर वह्या उघडल्या जात आणि पेनं थांबून राहत, मला काय वाटतं ते लिहून घ्यायला. "मॅडम, आयएमपी सांगा."

वर्गातल्या या गप्प बसण्याला मी अज्ञान समजत नव्हते, पण ते नेमकं काय आहे हेही कळत नव्हतं. तास सुटला की हीच मुलं बसस्टँडवर अशी बोलत, की मध्ये श्वास घेत नसत. म्हणजे बोलणं येत होतं. वर्गात आणायचं नव्हतं.

मग अभ्यासक्रमात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा घटक आला.

हा माझा घरचा विषय. माझ्या आजोबांचे वडील उमरखेडच्या कॅम्पवर होते. निजामाच्या हद्दीबाहेर राहून आत काम करणारे जे सरहद्दीवरचे कॅम्प होते, त्यांतला हा एक. 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली आणि त्या पैशाचा पुढे हिशेब दिला, ही गोष्ट मी रामायणाआधी ऐकली असेल. घरात ताम्रपट भिंतीवर आहे. त्यामुळे तयारी करावी लागली नाही. 29 नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार, निजामाच्या बाजूने लढणारे कासिम रझवीचे सशस्त्र रझाकार, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची अटक, 13 सप्टेंबर 1948 ला वेगवेगळ्या दिशांनी शिरलेलं भारताचं सैन्य, 17 ला निजामाची शरणागती. कासिम रझवी लातुरात वकिली करत होता हे सांगितलं तेव्हा पोरं सरसावून बसली. आपल्या शेजारच्या गावाचं नाव पुस्तकात आलं की बसतात तशी. स्वामीजींची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आमच्यापासून फार लांब नाही, तेही सांगितलं. तास चांगला झाला असं वाटलं. गप्प होती, पण ऐकत होती.

तास संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा व्हरांड्यात थांबला होता. वर्गात तो मराठी बोलतो, इतरांसारखंच औशाचं मराठी. त्या वेळी मात्र दखनीत बोलला. "हमारे घर में इसकी बात नई करते, मॅडम." मी विचारलं, कशाची? म्हणाला, पोलीस ॲक्शनची, म्हणजे 48 साली सैन्य शिरलं त्याची. दादीला विचारलं तर ती उठून आत जाते. तिच्या वडिलांचं नाव घरात कुणी घेत नाही. आणि मग म्हणाला, "17 तारखेला झेंड्याला मी दरसाल येतो. शाळेतही यायचो."

एवढं बोलून तो गेला. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. माझ्या तासात खोटं एकही वाक्य नव्हतं. रझाकारांनी केलं ते केलंच. मे 1948 मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरट्याला त्यांनी केलेली कत्तल खरी, गावोगावची लूट आणि खंडणी खरी. पण त्या मुलाच्या दादीच्या वडिलांना माझ्या तासात जागा नव्हती.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी हे बोलून दाखवलं. त्यांनी प्रेमाने सल्ला दिला, त्या घटकाच्या नोट्स द्या आणि पुढे चला, आपल्या गावात सगळं नीट चाललंय. त्यांचा हेतू चांगलाच होता. औशात खरंच नीट चाललेलं असतं. नाथ संस्थानची दिंडी, उरूस, जयंत्या, सगळं एकाच रस्त्याने जातं. नीट चाललंय ते न बोलल्यामुळे चाललंय, असं त्यांना वाटत होतं. मला ते पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं.

नांदेडला वाढलेल्या माझ्यासारखीला प्राध्यापक म्हटलं की नरहर कुरुंदकर आठवतात. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, हैदराबादच्या प्रश्नावर इतकं तर्कशुद्ध लिहिणारे, आणि 10 फेब्रुवारी 1982 ला व्यासपीठावरच गेलेले. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं त्यांच्या व्याख्यानांबद्दल काल ऐकल्यासारखं बोलतात. त्या गोष्टी ऐकत मोठी झाल्यामुळे उत्तम शिक्षक म्हणजे उत्तम बोलणारा, हे माझ्या मनात घट्ट बसलं होतं. आता माझ्यासमोर असा प्रसंग होता की जिथे माझ्या बोलण्याने काहीच उघडणार नव्हतं. उत्तम ऐकणारा शिक्षक कसा असतो, त्याची गोष्ट मला कुणी सांगितलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात वर्गाला घेऊन किल्ल्यात गेले. किल्ला गावाला लागूनच आहे. मुलांचं निम्मं लहानपण त्याच्या खंदकाच्या कडेला गेलेलं, त्यामुळे ती मला दाखवत होती, मी त्यांना नाही. एका फारसी शिलालेखापाशी सगळे थांबले आणि सगळ्यांच्या माना आपोआप त्या मुलाकडे वळल्या. वाच की. तो म्हणाला, "मला नाही येत. मी झेडपीच्या मराठी शाळेत शिकलोय." कुणी हसलं नाही. पण सगळे चकित झाले, इतकी वर्षं एका बाकावर बसून.

तेव्हा मी त्यांना माझ्या घरची एक गोष्ट सांगितली. आमच्या पणजोबांची कॅम्पवरून आलेली पत्रं घरात आहेत आणि ती आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाहीत, कारण ती उर्दूत आहेत. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण बहुतेक उर्दूतून होतं. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच माध्यम होतं. निजामाविरुद्ध लढणारा माझा पणजोबा घरी उर्दूत लिहीत होता आणि या मुलाला उर्दू येत नाही. किल्लारीकडची एक मुलगी लगेच म्हणाली, "आमच्या शेताचे जुने कागद पण तसलेच हैत. वकिलाकडं नेऊन वाचून घेतले." आणखी दोघांच्या घरी तसे कागद निघाले. वर्गात जे होत नव्हतं ते तिथे, तटाच्या सावलीत, सहज होत होतं. एकाचं ऐकून दुसऱ्याला आपलं आठवत होतं.

त्या दिवसानंतर मी वर्गात एक रीत सुरू केली. मत मांडायचं नाही. घरी ऐकलेलं सांगायचं. आणि ऐकणाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारायचे: हे तुला कुणी सांगितलं, आणि त्याला कसं कळलं? त्याने डोळ्यांनी पाहिलं, की त्यालाही कुणी सांगितलं? इतिहासकार कागदाला हेच विचारतो. मी फक्त ते माणसांना विचारायला लावलं. इतकी साधी रीत चालेल असं मला वाटलं नव्हतं. पण "तू कुणाच्या बाजूचा?" हे विचारायचंच नाही म्हटल्यावर मुलांच्या अंगातला ताठरपणा कमी झाला. बोलणाऱ्याला आपल्या सगळ्या समाजाच्या वतीने बोलावं लागत नव्हतं. आजीच्या वतीने बोललं की पुरे.

सुरुवात 1948 पासून करायची होती, पण घरांनी आपापली सालं आणली. किल्लारीच्या मुलीच्या घरी काळ 30 सप्टेंबर 1993 पासून मोजतात. गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, सुमारे दहा हजार माणसं गेली. तिच्या आजीला त्याच्या आधीचं विचारलं की ती म्हणते, ते सगळं जुन्या गावात राहिलं. एका मुलीची आजी 1948 विचारलं तर थेट 1978 सांगू लागते. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावोगावी बौद्धवस्त्या जळाल्या ते साल. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. "मॅडम, रझाकार गेले, मग आमचं घर कुणी जाळलं?" असं तिच्या आजीने तिच्याकडून मला विचारलं होतं. मी तो प्रश्न फळ्यावर तसाच लिहिला. वर्गात कुणाला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही, पण त्या दिवशी कुणी पेन काढून उत्तराची वाट बघत बसलं नाही. तांड्यावरून येणाऱ्या मुलाकडे 72 चा दुष्काळ होता. स्वतःच्या आठवणीतलं बोला म्हटलं तर सगळ्यांनाच एप्रिल 2016 आठवलं, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ते. तेव्हा ही मुलं लहान होती.

मराठवाड्याचा इतिहास असा एकसलग कुणाच्याच घरी नाही. हे मला एम.ए.च्या कुठल्या पेपरात कळलं नव्हतं.

माझी पाळी अर्थातच आली. "मॅडम, तुमच्या पणजोबांचं तुम्हाला कुणी सांगितलं?" आजोबांनी. "त्यांना कसं कळलं?" त्यांच्या वडिलांनी सांगितलं. "दुसऱ्या कुणी?" मी थांबले. दुसरं कुणीच नाही. सरकारदरबारी नोंद आहे, ताम्रपट आहे, पण घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी एकाच तोंडून आल्या आहेत. आणि पणजी त्या काळात कुठे होती, तिने काय पाहिलं, हे मी कधी ऐकलेलं नव्हतं. एका मुलीनेच ते विचारलं. मुलींना हा प्रश्न मुलांच्या आधी सुचतो, हे मी नंतर बऱ्याचदा पाहिलं. मी सुट्टीत नांदेडला जाऊन आत्याला विचारलं. पणजी दोन पोरांना घेऊन गावातच राहिली होती, आणि शेजारच्या मुसलमान घरातल्या बाईने तिला पंधरा दिवस धान्य पुरवलं होतं. आत्याला हे तिच्या आईने सांगितलेलं. मी परत येऊन वर्गात सांगितलं, कुणी सांगितलं तेही सांगितलं.

यानंतर सुंदरलाल समितीचा अहवाल वर्गात न्यायचं मी ठरवलं. त्याच्या आदल्या रात्री झोप लागली नाही, हे लिहायला हवं. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद राज्याचा दौरा केला. सैन्य शिरल्यावर आणि त्यानंतरच्या आठवड्यांत 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. त्यात मुसलमान बहुसंख्य. सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, तो 1982 चा. औसा उस्मानाबादेत होता. म्हणजे हे आमच्या मातीचं आहे. सरकारने तो अहवाल छापला नाही, ए. जी. नूराणी यांच्या 2013 च्या पुस्तकात तो वाचायला मिळतो. त्याच अहवालात रझाकारांचे अत्याचारही लिहिले आहेत, आणि जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची उदाहरणंही.

मी तो तसाच ठेवला, सगळा. आणि वर्गाला रीतीची आठवण करून दिली: यांना कुणी सांगितलं, यांना कसं कळलं? मुलांनी अहवालालाही सोडलं नाही. दोन माणसं काही आठवड्यांत एवढा मुलूख कसा फिरली? आकडा मोजला की अंदाज केला? अंदाज असेल तर कशावरून? मला फार आनंद झाला. मग एकाने विचारलं, रझाकारांविरुद्ध कुणी मुसलमान उभा राहिला का? मी शोएबुल्ला खानांचं सांगितलं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. भारतात विलीन व्हावं असं लिहीत राहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांना हैदराबादेत रस्त्यावर मारलं. शेवटच्या बाकावरच्या मुलाने त्यांचं नाव वहीत लिहिलं आणि शेजाऱ्याने स्पेलिंग विचारल्यासारखं ते त्याच्याकडून उतरवून घेतलं.

सगळंच असं होत नाही. एकदा एकाने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला आणि "कुणी सांगितलं?" म्हटल्यावर "सगळ्यांनाच माहीत आहे" म्हणून चिडला. पुढचे काही तास तो आला नाही. त्याला परत कसं आणायचं हे मला समजत नव्हतं. शेवटी त्याच्या मित्रांनी आणलं, माझ्या कुठल्याही युक्तीने नाही. कधी बोलणं इतकं रंगतं की घटक मागे पडतो, आणि नव्या धोरणाच्या सत्रपद्धतीत मागे पडायला वेळ नसतो. मेजर-मायनर, अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, तोवर परीक्षा. कधी मी दमलेली असते आणि सरळ नोट्स देते. त्या दिवशी वर्ग खूश असतो.

आडनावाचं मात्र अजून मनात आहे. वर्गातल्या एका लिंगायत मुलीने अनुभवमंटपाची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे आमच्या इथून तासा-दोन तासांच्या वाटेवर, सगळ्या जातींची माणसं, बायका, एकत्र बसून वाद करत. अक्कमहादेवी तिथे आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला आधी विचारलं, तुझा नवरा कोण? तिने चेन्नमल्लिकार्जुन असं सांगितलं, आणि तिला कठीण प्रश्नांतून जावं लागलं, मग आत घेतलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, तिथंसुद्धा आधी ओळख विचारलीच की." मला वाटत होतं, चांगल्या वर्गात ओळख दाराबाहेर ठेवून यायची असते. ही मुलगी सांगत होती की तसं कल्याणातही झालं नाही. विचारणारे विचारणारच, विचारल्यावर पुढे काय बोलता येतं ते बघायचं. आता नव्या वर्गाने विचारलं तर मी सांगते. गाव, आडनाव, जात, पणजोबा, आणि पणजीला धान्य देणारी शेजारीणही. मग म्हणते, आता तुमचं सांगा, आणि कुणी सांगितलं तेही.

परीक्षा तोंडावर आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलाने काल विचारलं, मुक्तिसंग्रामावर दहा मार्कांचा प्रश्न आला तर सुंदरलाल लिहायचा का? तपासणारे कोण असतील, त्यांना पटेल का, मार्क जातील का? मी म्हटलं, लिही. पण अहवालाचं नाव घाल, साल घाल, अंदाज आहे असं लिही, आणि गोरटाही लिही. तो म्हणाला, दहा मार्कांच्या उत्तरात एवढं कसं बसायचं? किल्लारीच्या मुलीचं म्हणणं, बसतं. दोघांनी एकेक उत्तर लिहून आणायचं ठरलंय. सोमवारी वर्गात दोन्ही वाचणार आहोत.